जुन्या मध्यम लहरींच्या टॉवरवर डिजिटल रेडिओ चढतो कसा?

कोलशेतकर (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:१८

विषय मध्यम लहरींचा आहे, तेव्हा "अजून ऐकतं कोण?" हा प्रतिसाद मीच आधी देऊन ठेवतो.

भावाच्या नव्या गाडीतल्या रेडिओत डीआरएम आहे, म्हणजे मध्यम लहरींवरचं डिजिटल प्रसारण पकडायची सोय. त्यावरून घरात वाद झाला. त्याचं म्हणणं, ट्रान्समीटर बदलला की काम संपलं. टॉवर म्हणजे लोखंडाचा उभा खांब, त्याला काय कळतंय सिग्नल ॲनालॉग आहे की डिजिटल! मी नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्यात मोटरी आणि ड्राइव्ह सांभाळतो. रेडिओतलं माझं ज्ञान शाळेत जोडलेल्या किटपुरतं. तरी मालाडला मार्वे रोडकडचे आकाशवाणीचे टॉवर पाहिले की वाटतं, एवढं धूड एका ठरावीक फ्रीक्वेन्सीसाठी बेतलेलं असणार. त्यातून दुप्पट रुंदीचा सिग्नल पाठवायचा तर कुठेतरी अडणारच. नेमकं कुठे अडतं? आणि अडलं तर नवा टॉवर उभारतात की जुन्यातच काही खटपट करतात?

वाशी_प्लॅटफॉर्म_३ | शनिवार, रात्री ९:४०

माझा एकमेव प्रतिसाद धागाकर्त्याने आधीच वापरून टाकलाय. आता खरंच वाचावं लागणार.

निवृत्त_तरंग | शनिवार, रात्री ११:०५

कोलशेतकर, भावाचं निम्मं बरोबर आहे. खांबाला काही कळत नाही. पण ट्रान्समीटरला खांब कळतो, आणि डिजिटलमध्ये जरा जास्तच कळतो.

माझी नोकरी मध्यम लहरींच्या ट्रान्समीटरांवर गेली, आता नेरूळला असतो. सगळ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. मध्यम लहरींत टॉवरवर अँटेना बसवलेली नसते, टॉवर हीच अँटेना. तो खाली चिनीमातीच्या जाडजूड इन्सुलेटरवर उभा असतो आणि ताणतारांमध्येही जागोजाग इन्सुलेटर असतात. पायथ्यापासून चहूबाजूंना जमिनीत तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या तिघांनी १९३७ साली अमेरिकेत मोजमापं प्रसिद्ध केली, तेव्हापासून साधारण पाव तरंगलांबीच्या १२० तारा हे माप रूढ झालं. टॉवरच्या बुडाशी एक खोली असते, तिच्यात एटीयू, म्हणजे मोठाल्या कॉइल आणि कपॅसिटर. ट्रान्समीटरकडून येणारा फीडर तिथे संपतो आणि टॉवरशी जुळवाजुळव तिथेच होते. तुमचं अडतं ते मुख्यतः या खोलीत.

कारण रुंदी. एफएमला १०० मेगाहर्ट्झवर २०० किलोहर्ट्झ लागतात, म्हणजे ०.२ टक्के. आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीची फ्रीक्वेन्सी धरा, ५५८ किलोहर्ट्झ. समजा अशा फ्रीक्वेन्सीवर ॲनालॉग चालू ठेवून शेजारच्या ९ किलोहर्ट्झमध्ये डिजिटल टाकलं, तर एकूण १८ किलोहर्ट्झ लागले. ते झाले ३.२ टक्के. आकडा लहान दिसतो, पण बुटक्या टॉवरला एवढं पेलणं अवघड जातं.

बुटका का, तर ५५८ ची तरंगलांबी ५३७ मीटर, तिचा पाव भाग १३४ मीटर. एवढा उंच टॉवर प्रत्येक ठिकाणी परवडत नाही, शिवाय विमानांच्या वाटेचाही प्रश्न असतो. समजा टॉवर ९० मीटरचा आहे (हा कागदावरचा टॉवर, मालाडचा नव्हे). त्याच्या बुडाशी रेझिस्टन्स साधारण १२ ओहम आणि कपॅसिटिव्ह रिअॅक्टन्स १४५ च्या आसपास येईल (रिअॅक्टन्स म्हणजे पॉवर न खाणारा, पण फ्रीक्वेन्सीनुसार बदलणारा अडथळा). कॉइल घालून ५५८ ला रिअॅक्टन्स शून्य केला. आता तिथून ९ किलोहर्ट्झ सरका, ८ ओहम रिअॅक्टन्स परत उभा राहतो. व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे जुळणी किती बिघडली त्याचं माप (१ म्हणजे अचूक), झाला १.९. डिजिटल भागाचं टोक मात्र कॅरियरपासून (म्हणजे मूळ ५५८ च्या लहरीपासून) १३.५ किलोहर्ट्झवर, ५७१.५ ला आहे. तिथे तो २.६.

हेच ट्यूनिंग ५५८ ऐवजी पूर्ण पट्ट्याच्या मध्यावर, ५६२.५ ला केलं, तर दोन्ही टोकं ९ किलोहर्ट्झवर येतात आणि दोन्हीकडे १.९ च्या आसपास मिळतं. नवं काही विकत घेतलं नाही, कॉइलचा टॅप सरकवला फक्त. ॲनालॉगची सवय असलेला माणूस कॅरियरवर सुई शून्य दिसेपर्यंत हलत नाही, म्हणून हे बऱ्याचदा सुचतच नाही.

सानपाडा_सायडिंग | रविवार, सकाळी ७:५२

वाचनखूण साठवली. काका, असंच लिहीत राहा.

ऐरोली_हॅम | रविवार, सकाळी १०:१४

काका, एक शंका. डीआरएम म्हणजे ओएफडीएम, माहिती अनेक बारीक कॅरियरांवर वाटून पाठवायची पद्धत. मोड ए मध्ये ४१.६७ हर्ट्झच्या अंतराने दोनशेच्या वर बारीक कॅरियर, आणि त्यांत मधूनमधून पायलट (रिसीव्हरला आधीच माहीत असलेले खुणेचे सिग्नल) पेरलेले. एका टोकाचे कॅरियर जरा दबले, फेज थोडी वाकडी झाली, तर रिसीव्हर पायलट बघून ते सरळ करतो. सिम्बॉलमागे २.६६ मिलिसेकंदांचा गार्ड इंटरव्हलही (उशिरा पोचणाऱ्या प्रतींसाठी राखलेला वेळ) आहे. मी एसडीआरवर (संगणकाला जोडायचा रेडिओ) डीआरएम ऐकायचं ड्रीम सॉफ्टवेअर चालवतो, त्यात चॅनलचा आलेख चांगला खडबडीत असतानाही आवाज स्वच्छ येतो. मग अँटेनाचा थोडा तिरकेपणा चालू नये का? आयनोस्फिअर याहून वाईट वागतं.

महापे_आरएफ | रविवार, सकाळी ११:३०

ऐरोली_हॅम, हवेतल्या सिग्नलपुरतं तुझं बरोबर आहे. पण रिसीव्हर दुरुस्त करतो तो रेषीय बिघाड. आपल्याला भीती आहे ती ट्रान्समीटरच्या आत होणाऱ्या बिघाडाची, आणि तो कुठलाही पायलट दुरुस्त करत नाही.

मोठ्या पॉवरचा ट्रान्समीटर वीज वाया जाऊ नये म्हणून आउटपुट ॲम्प्लिफायर स्विचसारखे चालवतो. त्यांना एकाच वेळी अॅम्प्लिट्यूड आणि फेज दोन्ही बदलणारा सिग्नल थेट देता येत नाही, म्हणून सिग्नलचे दोन तुकडे करतात. फेजचा भाग आरएफच्या वाटेने जातो, अॅम्प्लिट्यूडचा भाग मॉड्युलेटरच्या, म्हणजे सप्लाय व्होल्टेजच्या वाटेने. शेवटच्या टप्प्यावर दोघं परत एकत्र येतात. गोम अशी की सुटे असताना हे दोन्ही भाग ९ किलोहर्ट्झमध्ये मावत नाहीत, बरेच बाहेर पसरलेले असतात. अचूक जुळले तरच बाहेरचा पसारा एकमेकांना खोडतो.

आता शेवटच्या ॲम्प्लिफायरला दिसणारा लोड कॅरियरच्या दोन बाजूंना वेगवेगळा असेल, तर ही खोडाखोड अपुरी राहते. स्पेक्ट्रमला दोन्हीकडे शोल्डर उगवतात, शेजारच्या चॅनलमध्ये घाण जाते, मास्क (चॅनलबाहेर किती सांडू द्यायचं त्याची ठरलेली मर्यादा) मोडतो. आपल्या स्वतःच्या चॅनलमध्येही एमईआर (सिग्नलच्या शुद्धतेचं माप) पडतो, म्हणजे ६४-क्यूएएमचे, माहिती नेणारे ६४ ठिपके फुगून एकमेकांत मिसळू लागतात. श्रोत्याच्या भाषेत सांगायचं तर आवाज जिथवर पोचायला हवा होता त्याच्या अलीकडेच तुटतो.

म्हणून मी व्हीएसडब्ल्यूआरच्या आकड्यापेक्षा सममितीवर जास्त भर देईन. कॅरियरच्या वर ५ किलोहर्ट्झवर जेवढा रेझिस्टन्स, खाली ५ वर तेवढाच. रिअॅक्टन्सही तेवढाच, फक्त चिन्ह उलटं. अमेरिकेतल्या एचडी रेडिओवाल्यांनी (ही तिथली डिजिटल पद्धत) हाच मुद्दा लावून धरला. त्यांच्या हायब्रिड पद्धतीत मधे ॲनालॉग आणि डिजिटल दोन्ही बाजूंना जवळजवळ १५ किलोहर्ट्झपर्यंत पसरलेलं, त्यामुळे जुन्या एएम टॉवरांच्या बारीकसारीक खोडी तिथे एकदम उघड्या पडल्या.

निवृत्त_तरंग | रविवार, दुपारी १२:४५

ताई, नेमकं बोललात. एक भर घालतो, कारण इथेच बरीच मंडळी फसतात. ही सममिती एटीयूच्या खोलीत मोजून उपयोग नाही. ती लागते ट्रान्समीटरच्या आत, ॲम्प्लिफायर जिथे एकत्र येतात तिथे. मधे फीडर आहे, ट्रान्समीटरचं स्वतःचं आउटपुट नेटवर्क आहे, आणि दोन्ही फेज फिरवतात. टॉवरपाशी छान सममित असलेला लोड तिथे पोचेपर्यंत वाकडा झालेला असू शकतो. उलटही होतं.

स्मिथ चार्टवर (त्यासाठीचा गोल आलेख) टॉवरचा इम्पिडन्स, म्हणजे रेझिस्टन्स आणि रिअॅक्टन्स मिळून, काढला तर रेषा वाटीसारखी वळलेली येते. या वाटीचं तोंड नेमकं डावीकडे किंवा नेमकं उजवीकडे हवं. कुठल्या बाजूला, ते त्या ट्रान्समीटरची रचना ठरवते. वर किंवा खाली तोंड असेल तर सममिती बिघडली. फीडर पाव तरंगलांबीने वाढवला की वाटी अर्धा फेरा फिरते. पण ५५८ ला पाव तरंगलांबी म्हणजे शंभर मीटरच्या वरचा फीडर, तो कोण टाकणार? म्हणून त्याऐवजी एक टी नेटवर्क टाकतात. दोन कॉइल, एक कपॅसिटर, हवी तेवढी फेज फिरवून मिळते. जुन्या केंद्राला डिजिटलसाठी तयार करताना सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम माझ्या मते हेच.

महापे_आरएफ | रविवार, दुपारी १:२०

पण आताचे ट्रान्समीटर आउटपुटचा नमुना घेऊन स्वतःच प्री-करेक्शन करतात. लोड थोडा वाकडा असला तरी सिग्नल आधीच उलट वाकवून पाठवतात. दर वेळी एटीयू उघडायची गरज आहे का?

निवृत्त_तरंग | रविवार, दुपारी २:१०

करेक्शन असावंच. पण त्याच्या भरवशावर लोड वाकडा ठेवू नये, या मतावर मी ठाम आहे. कारण आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर जमीन चिंब असते, मे महिन्यात तीच भेगाळते. किनाऱ्यालगतच्या केंद्रांवर इन्सुलेटरवर खाऱ्या हवेचा थर बसतो. बुडाचा इम्पिडन्स त्याप्रमाणे सरकतो. बुटक्या टॉवरवर रेझिस्टन्सच मुळात १२ ओहम, तिथे एक-दोन ओहमचा फरक लगेच जाणवतो. करेक्शनला त्याची सगळी ताकद अँटेनाच्या चुका झाकण्यात खर्चावी लागली, तर ॲम्प्लिफायरचे स्वतःचे दोष निस्तरायला काय उरणार?

महापे_आरएफ | रविवार, दुपारी २:२५

पावसाळ्याचा मुद्दा मान्य. मोबाइलच्या अँटेनावर काम करताना जमीन हा घटकच नसतो, त्यामुळे तो डोक्यात नव्हता. करेक्शन मात्र तुम्ही सांगताय त्यापेक्षा बरंच जास्त झाकतं असं मला अजूनही वाटतं.

कोलशेतकर | रविवार, संध्याकाळी ६:०२

भावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, "म्हणजे टॉवर तोच राहिला ना?" आता काय बोलणार!

टॅप सरकवणं आणि टी नेटवर्क कळलं. पण तुमच्या त्या ९० मीटरच्या टॉवरवर १.९ खाली आणायचा असेल, तर पुढे काय?

निवृत्त_तरंग | रविवार, रात्री ८:४०

तीन वाटा आहेत.

पहिली, डोक्यावर टोपी. टॉवरच्या माथ्यावरून तिरक्या तारा किंवा कडं. टॉवर विजेच्या दृष्टीने उंच होतो, रेझिस्टन्स वाढतो, रिअॅक्टन्सचा चढ सौम्य होतो. ताणतारांचाच वरचा तुकडा यासाठी वापरता येतो, फक्त इन्सुलेटर खाली सरकवायचा. उंची आणि पाया तेच. मात्र वाऱ्याचा भार पुन्हा तपासून घ्यावा लागतो आणि काम उंचावरचं, प्रसारण बंद ठेवून करायचं.

दुसरी, एटीयूत भरपाईचं सर्किट. टॉवर सीरिज रेझोनन्ससारखा वागतो, त्याला योग्य जागी पॅरलल रेझोनन्सची जोड दिली की एकाचा चढ दुसऱ्याच्या उताराने खोडला जातो. कागदावर फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात त्या कॉइल-कपॅसिटरमध्ये मूळ पॉवरच्या कितीतरी पट पॉवर नुसती फिरत राहते आणि कॉइल तापते. म्हणून पूर्ण भरपाईच्या मागे न लागता निम्मी करावी. १.९ चं १.४ झालं तरी ट्रान्समीटर सुखावतो.

तिसरी, फोल्डेड युनिपोल. टॉवर सरळ जमिनीला जोडायचा आणि त्याच्याभोवती इन्सुलेटरवर उभ्या तारांचा घेर सोडून त्या तारांना सिग्नल द्यायचा. जुना, गंजत चाललेला बेस इन्सुलेटर आपोआप हिशोबातून जातो. रुंदीही सुधारते, पण विक्रेते सांगतात तेवढी नाही. बुटका टॉवर बुटकाच राहतो.

एकाच टॉवरवर दोन फ्रीक्वेन्सी चालत असतील तर काम सगळ्यात किचकट. एकीचा सिग्नल दुसरीच्या ट्रान्समीटरमध्ये शिरू नये म्हणून ट्रॅप (ती फ्रीक्वेन्सी अडवणारं सर्किट) घालतात आणि प्रत्येक ट्रॅप स्वतःचा चढ घेऊन येतो. दोन-तीन टॉवरांच्या दिशादर्शक रांगेबद्दल लिहायला लागलो तर वेगळा धागा होईल.

वाशी_प्लॅटफॉर्म_३ | रविवार, रात्री ९:१५

टॉवर जमिनीला जोडता येतो, तर मग त्यावर मोबाइल कंपन्यांच्या अँटेना लावून भाडं का खाऊ नये? (बघा, वाचतोय मी.)

महापे_आरएफ | रविवार, रात्री ९:३१

लावतात. परदेशात युनिपोल करण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. फक्त नवीन केबल आणि ब्रॅकेट चढले की एएमचा इम्पिडन्स हलतो, परत मोजावा लागतो.

ऐरोली_हॅम | रविवार, रात्री १०:०३

पॉवरचं काय? १०० किलोवॉटचा ॲनालॉग ट्रान्समीटर डिजिटलवर नेला तर टॉवरवर ताण वाढतो की कमी होतो?

निवृत्त_तरंग | सोमवार, सकाळी ६:५५

चांगला प्रश्न. १०० किलोवॉट ही कॅरियरची पॉवर. शंभर टक्के मॉड्युलेशनच्या शिखरावर ती चौपट, ४०० किलोवॉट होते. ट्रान्समीटरची खरी हद्द ती. डीआरएमची शिखरं सरासरीपेक्षा साधारण १० डेसिबल उंच धरली, तर सरासरी राहते ४० किलोवॉट. म्हणजे कॉइल पूर्वीपेक्षा थंड राहील, पण व्होल्टेजचं शिखर जुन्याएवढंच. त्या ९० मीटरच्या टॉवरवर हिशोब केला तर १०० किलोवॉटला बुडाशी ९१ अँपिअर येतात आणि मॉड्युलेशनच्या शिखरावर इन्सुलेटरवर ३७ हजार व्होल्ट. ॲनालॉगमध्ये हे शिखर निवेदकाच्या आवाजाबरोबर येतं-जातं. डिजिटलमध्ये शिखरं केव्हाही येतात, शांतता असो की गाणं, सिग्नलला फरक पडत नाही. स्पार्क गॅपचं अंतर आणि इन्सुलेटरची सफाई यांत सूट नाही.

सरासरी ४० चं ऐकून कोणी कमी मापाचे कपॅसिटर मागवायला निघालं, तर त्याला अडवा.

येऊर_पायथा | सोमवार, दुपारी १:१२

सगळं ठीक. पण आमच्याकडे वर्तकनगरला ट्रान्झिस्टरवर नुसती घरघर आहे. मधे नॅशनल पार्कचे डोंगर आहेत म्हणून का? डिजिटल आलं तर सुटेल का हे?

महापे_आरएफ | सोमवार, दुपारी २:०४

डोंगर हे मुख्य कारण नसावं. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर, त्या वळून येतात. फरक पडतो तो जमिनीचा: खाऱ्या पाण्यावरून लहर फारशी न दमता जाते, कोरड्या खडकावरून दमते. प्रसारण केंद्रं दलदलीच्या, खाजणाच्या जागा शोधतात ती याचसाठी. पण शहरात खरा शत्रू घरातच असतो. स्वस्त एलईडी बल्बांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर एसी, चार्जर. मेन स्विच बंद करून बॅटरीवर रेडिओ लावा, घरघर किती उरते बघा. डिजिटलने थोडी मदत होते, कारण ठरावीक मर्यादेपर्यंतचा गोंगाट ऐकूच येत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र घरघरही नाही, थेट शांतता.

कोलशेतकर | सोमवार, रात्री ८:२०

या विषयात मीही बोलू शकतो! कारखान्यातले व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) काही किलोहर्ट्झवर स्विच होतात, त्यांच्या हार्मोनिक्सची रांग थेट मध्यम लहरींत जाते. मोटरची केबल शील्डची घेतली, शील्ड दोन्ही टोकांना नीट अर्थ केली आणि ड्राइव्हला ईएमसी फिल्टर लावला की फरक पडतो. सोसायटीच्या लिफ्टमध्येही हेच ड्राइव्ह असतात. येऊर_पायथा, लिफ्ट चालू असतानाच घरघर वाढते का ते बघा. तसं असेल तर लिफ्टच्या कंत्राटदाराला फिल्टरबद्दल विचारा.

येऊर_पायथा | सोमवार, रात्री १०:४८

मेन स्विच बंद करून पाहिला. घरघर निम्म्याने कमी. उरलेली लिफ्टबरोबर वर-खाली होते. सेक्रेटरीशी बोलतो.

ऐरोली_हॅम | मंगळवार, सकाळी ९:३०

अमेरिकेत तर ॲनालॉग पूर्ण बंद करून फक्त डिजिटल एएम चालवायलाही परवानगी आहे, ऑक्टोबर २०२० मध्ये तसा निर्णय झाला. मेरीलँडमधलं डब्ल्यूडब्ल्यूएफडी हे ८२० किलोहर्ट्झवरचं केंद्र २०१८ पासूनच प्रयोग म्हणून तसं चालत होतं. तसं केलं तर काकांचा १३.५ किलोहर्ट्झवाला त्रासच मिटेल ना? डीआरएम एकटं ९ किलोहर्ट्झमध्ये बसतं.

निवृत्त_तरंग | मंगळवार, सकाळी ११:१५

मिटेल. टोकं साडेचार किलोहर्ट्झवर येतील आणि माझा कागदी टॉवरसुद्धा काही न करता १.४ देईल. अँटेनाच्या बाजूने बघितलं तर फक्त डिजिटल हेच सगळ्यात सोपं. पण ज्यांच्याकडे जुना ट्रान्झिस्टर आहे त्यांचा आवाज त्या दिवशी बंद होतो. म्हणून मधला काळ दोन्ही चालवायचा, आणि तो मधला काळच टॉवरला जड जातो.

ऐरोली_हॅम | मंगळवार, दुपारी १२:०२

शेवटचा प्रश्न. माझ्याकडे नॅनोव्हीएनए (इम्पिडन्स मोजायचं छोटं यंत्र) आहे. कधी एखाद्या केंद्रावर भेट द्यायची संधी मिळाली तर टॉवरचा इम्पिडन्स मोजून त्या वाटीचं तोंड बघता येईल का?

निवृत्त_तरंग | मंगळवार, दुपारी १२:३०

लावू नकोस. त्या टॉवरचा ट्रान्समीटर बंद असला तरी आवारातला दुसरा चालू असतो, आणि त्याचा सिग्नल या टॉवरवर एवढं व्होल्टेज उभं करतो की तुझं यंत्र पहिल्या सेकंदात जाईल. जाता जाता चुकीचे आकडे दाखवेल ते वेगळंच. तिथे मोजणी मोठ्या सिग्नलला दाद न देणाऱ्या ब्रिजने करतात, नाहीतर शेजारचं प्रसारण रात्री थांबवून. हात लावायच्या आधी टॉवर अर्थिंग रॉडने जमिनीला टेकवायचा, दर वेळी. ज्यांच्या ताब्यात केंद्र आहे त्यांनीच हे करावं, आपण शेजारी उभं राहून वहीत आकडे उतरवून घ्यावेत. ५५३ पासून ५७२ पर्यंत एकेका किलोहर्ट्झने घे आणि इथे टाक, मिळून चार्टवर मांडू.